आधी मागचं सांगतो

एका सोमवारी टपालानं ‘भूधर’चा अंक आला. मुखपृष्ठावर ‘अंक क्रमांक एक’ असं छापलं होतं. त्याच्या आदल्या महिन्याचा अंक एकशे ऐंशीवा होता. सोनटक्के सरांनी त्या दिवशी तास घेतला नाही.

लातूरच्या ट्यूशन एरियात ज्यांनी काही वर्षं काढली आहेत, ते हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचतील. सोनटक्के सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. त्यांनी तापात शिकवलं. पाय प्लास्टरमध्ये असताना खुर्चीवर बसून शिकवलं. एकदा वीज गेली आणि जनरेटरही सुरू होईना, तेव्हा खिडक्या नसलेल्या त्या हॉलमध्ये नुसत्या आवाजावर त्यांनी गतीचे तिन्ही नियम पुरे केले. असा माणूस चित्रांच्या एका पुस्तकापायी घरी बसला, ही बातमी दुपारपर्यंत मेसमध्ये, हॉस्टेलांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत पोचली.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. तेव्हा कॉलेजात ग्रंथपाल होतो. सर मला ‘ग्रंथपाल साहेब’ म्हणायचे, आणि त्यात थट्टा नसायची. कॉमिक्स वाचणाऱ्याला ग्रंथपालानं नाक मुरडलं नाही, एवढ्यावर आमची ओळख झाली होती.

‘भूधर’ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. (ही आधी सांगण्याची सवय मला त्यांच्याचमुळे लागली.) ते पुण्याहून निघणारं चित्रकथांचं मासिक होतं. त्यातला नायक दिवसा पाटबंधारे खात्यात कारकून. कुठं संकट आलं की तो फाईल बांधायचा, रजेचा अर्ज लिहायचा, साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि मग बाहेर पडायचा. त्यानं जमिनीला तळहात लावला की हादरा थांबे. पाठ टेकली की पडती भिंत थांबे. लेकरांना त्याचा तळहात आवडायचा. सरांना अर्ज आवडायचा.

“उडणारे लई आहेत हो,” ते म्हणायचे. “अर्ज देऊन जाणारा हा एकच.”

सरांचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास. लग्न झालेलं नव्हतं. त्याला कारण त्यांची बोलण्याची पद्धत, असं लोक म्हणत. काहीही बोलायचं झालं की ते सुरुवात करायचे, “आधी मागचं सांगतो.” मुलगी पाहायला गेले तेव्हा मुलीच्या मामानं “काय करता आपण?” एवढंच विचारलं होतं. सरांनी आधी मागचं सांगायला घेतलं. पणजोबांपासून निघाले. ते आजोबांच्या निजामी शाळेतल्या नोकरीपर्यंत आले तोवर चहा गार झाला होता, आणि मुलगी आत जाऊन भाजी निवडायला बसली होती.

जिन्यात भेटले की ते नमस्कार करत नसत. “आपण कुठं थांबलो होतो?” असं विचारायचे आणि स्वतःच आठवून सांगायचे. “हां, तुमच्या दाढेपाशी. डाव्या बाजूची, वरची. मग? काढली का?” मधे पंधरा दिवस गेलेले असोत, दोन महिने गेलेले असोत. आपलं बोलणं कुठं थांबलं आहे हे दुसऱ्या कुणी लक्षात ठेवलं आहे, याची मला पुढंपुढं इतकी सवय झाली की घरात कुणी नसल्याचं एरवी जाणवायचं तितकं जाणवेनासं झालं.

वर्गातही तेच. एका बॅचला दीडशे लेकरं. कुणी काविळीनं पडे, कुणाची बहीण उजवायची असे, कुणी पहिल्याच महिन्यात रडत गावी निघून जाई आणि बापाबरोबर परत येई. तोवर वर्ग दोन धडे पुढं गेलेला असे. बाकीचे सर थांबत नसत. सोनटक्के सर रोज पहिली दहा मिनिटं मागचं सांगत. नुसतं कालचं नव्हे, जिथून सुरुवात केली तिथून, दोन-दोन वाक्यांत, की काल न आलेला आणि महिनाभर न आलेला, दोघंही दहाव्या मिनिटाला एकाच जागी येऊन उभे राहत. क्लासचे मालक बेजार व्हायचे.

“सर, वर्षाचे किती तास जातात ह्याच्यात, हिशेब केलाय का?”

“जाऊ द्या की. जो मागं राहिलाय त्याला आत यायला कुठून तरी वाट पायजे का नको?”

निकाल चांगला लागायचा, तेव्हा मालक बोलणार काय?

अशीच वाट त्यांनी ‘भूधर’लाही करून ठेवली होती. त्यांच्याकडच्या प्रत्येक अंकात पहिल्या पानाला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली असायची. मोठं, गोल अक्षर. लहान शब्द. जमेल तिथं जोडाक्षर टाळलेलं. सुरुवात ठरलेली: ‘तर गड्या, आतापर्यंत असं झालं.’ मग अर्ध्या पानात मागची सगळी गोष्ट, शेवटी ‘आता पुढं वाच.’ मला वाटायचं, हे वाचायला नेणाऱ्या लेकरांसाठी असेल. पण त्यांच्याकडून अंक नेणारा मी एकटाच होतो, आणि मला जोडाक्षरांची भीती नव्हती.

या चिठ्ठ्यांनी एकदा सगळ्या ट्यूशन एरियाला कामाला लावलं. औशाची पूजा नावाची मुलगी त्यांच्या वर्गात होती. घर्षणाच्या धड्याच्या नोट्स तिनं झेरॉक्ससाठी मागितल्या, सरांनी फाईल दिली. त्या फाईलच्या मागच्या कप्प्यात वीस-बावीस चिठ्ठ्या होत्या, नव्यानं लिहून काढण्यासाठी ठेवलेल्या. झेरॉक्सवाल्यानं सगळंच काढलं, वर जाड अक्षरात ‘सोनटक्के सर – अतिमहत्त्वाचे’ असं लिहिलं आणि गठ्ठा काउंटरवर मांडला. आठवड्याच्या आत हॉस्टेलांतून पाठांतराचे आवाज येऊ लागले, ‘तर गड्या, आतापर्यंत असं झालं. भूधरनं धरणाखाली हात घातला.’

हे काय आहे, असा प्रश्न कुणालाही पडला नाही. सरांनी काढलंय म्हणजे परीक्षेला येणारच. रिपीटर बॅचच्या एका हुशार मुलानं शोध लावला की हे लक्षात ठेवायचं तंत्र आहे: धरण म्हणजे दाब, बोगदा म्हणजे घर्षण, रजेचा अर्ज म्हणजे विराम अवस्था. उदगीरहून एका मुलाचे वडील मुद्दाम आले आणि सरांना गाठून म्हणाले, “सर, पोरगं दोन दिस झालं धरणच पाठ करायलंय. धरणाला मार्क किती हायत, तेवढं सांगा.” शेजारच्या क्लासनं तर आपल्या सरांना बसवून स्वतःच्या गोष्टी लिहून घ्यायला सुरुवात केली.

सरांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. दुकानात गेले, उरलेला गठ्ठा उचलून आणला. “त्या लेकरांसाठी न्हाईत त्या,” एवढंच म्हणाले. मग कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

पूजा मात्र फाईल परत द्यायला आली तेव्हा दारातच उभी राहिली.

“सर, मी चिठ्ठ्या वाचल्या.”

“बरं.”

“ते फिजिक्स न्हाई ते मला पयल्याच पानावर कळलं. पण पुढं काय झालं?”

त्या दिवसापासून अंक नेणारे आम्ही दोघं झालो.

सरांच्या पेटीत पहिले सत्तावन्न अंक नव्हते. संग्रह अठ्ठावन्नपासून सुरू व्हायचा. नायगावचे गंगाधरराव म्हणून एक एसटी कंडक्टर होते, तेही ‘भूधर’चे जुने वाचक. लातूरची ड्यूटी लागली की वर येऊन जायचे. त्यांच्याकडं सगळे अंक, कित्येकांच्या दोन-दोन प्रती. ते सरांना चिडवायचे, “मास्तर, बिनमुंडक्याचा संग्रह हाय तुमचा. घ्या की माझ्याकडचे.”

“आहेत माझ्याकडं. गावाकडं आहेत.”

“मग आणा की एकदा.”

“आणू,” सर म्हणायचे, आणि विषय बदलायचे. सर कधी गावाकडं जात नसत.

आणि मग तो सोमवार आला. नव्या अंकाच्या मुखपृष्ठावर, क्रमांकाच्या खाली, पिवळ्या पट्टीत छापलं होतं: ‘नवी सुरुवात! मागचं काहीही माहीत नसलं तरी चालेल!’ संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा सर खिडकीपाशी बसले होते. अंक मांडीवर पालथा.

“ग्रंथपाल साहेब, हे वाचलं का? चालेल म्हणे. कुणाला चालेल?”

त्यांनी प्रकाशकांना पत्र लिहिलं. सात पानी झालं, कारण आधी मागचं सांगितलं होतं. उत्तर म्हणून एक छापील कार्ड आलं: नांदेडला वाचक मेळावा आहे, संपादक स्वतः येणार आहेत, अवश्य या. सर मला म्हणाले, “तुम्ही चला. मला बोलताना थांबता येत न्हाई. तुम्ही असला की बरं.”

रविवारी सकाळच्या गाडीनं निघालो. एका शाळेचा हॉल होता. तीसेक माणसं. संपादक तरुण, नम्र, नव्या चष्म्याचे. त्यांनी सांगितलं की खप कमी होत चालला आहे. नवं लेकरू एकशे ऐंशीवा अंक उघडतं, त्याला काही कळत नाही, ते मिटून ठेवतं. म्हणून सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

गंगाधरराव सगळ्यांत आधी उठले. “पंधरा वर्सं आमी ह्याच्यासंगं हाव. आन आता तुमी म्हणून राहिले, ते सगळं झालंच न्हाई?”

मागून एक बाई म्हणाल्या, “रजेचा अर्ज तरी आहे का?”

संपादक जरा घुटमळले. “नव्या मालिकेत तो नोकरी करत नाही.”

यावर जो गलका झाला तो मी कॉलेजच्या निवडणुकीतही ऐकला नव्हता. “मग रजा कुणाला मागणार?” “बेकार करून टाकला की हो त्याला!” कॉलेजातला एक मुलगा धीर करून म्हणाला की त्याला नवा अंक आवडला, पहिल्यांदाच सगळं समजलं. त्याच्याकडं लोकांनी असं पाहिलं की तो खाली बसला.

मग सर उठले.

“आधी मागचं सांगतो.”

मी डोळे मिटून घेतले. पण हॉल हळूहळू शांत झाला. सर पहिल्या अंकापासून सांगत होते, वर्गात सांगत तसं, दोन-दोन वाक्यांत. लोक मधेच माना हलवत होते, कुणी पुढचं वाक्य ओठांत म्हणत होतं. सत्तावन्नाव्या अंकापाशी ते थांबले.

“बोगदा पडतो. भूधर आत अडकतो. शेवटच्या चित्रात नुसता त्याचा हात दिसतो.” त्यांनी दस्ती काढून कपाळ पुसलं. “ज्यानं इथवर वाचलंय आणि पुढचा अंक ज्याला मिळाला न्हाई, त्याच्यासाठी तुम्ही काय केलंय?”

“सर, त्याच्यासाठीच तर हे केलंय,” संपादक म्हणाले, आणि ते मनापासून बोलत होते. “त्याला आता मागचं काही लागणारच नाही. माणसाला आत यायला दार हवं, एवढंच आमचं म्हणणं.”

“दार होतं की. मी उभा होतो ना दारात.”

लोक हसले. संपादकही हसले. मग ते म्हणाले, “आणि सर, बोगद्याचं म्हणाल तर नव्या मालिकेत तो बोगद्यात गेलेलाच नाही.”

“गेलाच न्हाई?”

“नाही. ते घडलेलंच नाही.”

सर खाली बसले. पुढं मेळावा तासभर चालला.

दुपारच्या गाडीनं परत निघालो. लोहा गेलं. अहमदपूरच्या अलीकडं सरांनी खिडकीची काच लावून घेतली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “मागचं सांगू?”

इतक्या वर्षांत त्यांनी विचारलं असं ते पहिल्यांदाच.

“मला एक भाऊ होता. उत्तम. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, मग वडील गेले. मीच सांभाळला. शाळेत रमला न्हाई, सातवीतून घरी बसला. शेतात मात्र हुशार. पुस्तक दिलं तर जोडाक्षर आलं की मिटायचा. म्हणून ‘भूधर’चा पहिला अंक नेऊन दिला. चित्रं बघता बघता वाचायला लागला. मी लातूरला, तो किल्लारीजवळ गावाकडं. दर महिन्याला जीपवाल्याच्या हाती अंक पाठवायचो. महिनाभरात मागचं विसरायचा, कधी अंक वाटेतच गहाळ व्हायचा. म्हणून चिठ्ठी.”

गाडी थांबली, माणसं चढली, गाडी निघाली.

“अठ्ठावन्नावा आला तेव्हा माझ्याकडं पेपर तपासायचे होते. म्हटलं, एवढा एक अंक आधी मी वाचतो, मग पाठवतो. आठ दिवस टेबलावर पडला होता. चिठ्ठी लिहून तयार होती. गणपती बसवले, गणपती उठले. मग जमीन हलली.”

त्यांनी घराचं वर्णन केलं नाही. आमच्याकडं ते कुणी करत नाही. ‘तुमचं कोण होतं तिकडं?’ असं लातुरात कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून मीही दहा वर्षं विचारलं नव्हतं.

“पहिले सत्तावन्न अंक तिथंच आहेत. त्याच्या उशाशी पेटीत ठेवायचा.” ते पुढं म्हणाले, “तिसऱ्याच पानावर सुटतो हो तो. अठ्ठावन्नाव्यात. तिसऱ्याच पानावर बोगद्यातून बाहेर येतो. एवढंच कळवायचं राहिलं. ते कळवलं, मग त्याच्या पुढचं कळवलं. थांबायचं कुठं? आता हे म्हणतात, मागचं सांगायची गरजच न्हाई. मग मी काय लिहू त्याला?”

लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ते नेहमीसारखे पुढं होऊन माझी पिशवी धरायला आले, तर मी ती देऊन टाकली.

त्यानंतर महिनाभर वर्गात त्यांनी मागचं सांगितलं नाही. आले की फळ्याकडं तोंड करून पुढचा धडा. मालक खूश झाले, पोर्शन पुढं गेला. एके दिवशी पूजा पंधरा दिवसांनी वर्गात परतली. काविळीनं डोळे अजून पिवळे होते. सरांनी खडू उचलला तशी ती उभी राहिली.

“सर, मागचं?”

सरांनी खडू खाली ठेवला.

“कुठं सोडलं होतंस?”

“गुरुत्वाकर्षणापाशी.”

“बरं. आधी मागचं सांगतो,” सर म्हणाले. त्या दिवशी पंचवीस मिनिटं गेली, हे मालकांनीच मला पुढं सांगितलं. तक्रार करत सांगितलं.

त्याच संध्याकाळी पूजा नवा अंक परत करायला आली. मी तिथं होतो.

“कसा वाटला?” सरांनी विचारलं.

“सगळा कळला सर. पयल्या पानापासून कळला. चिठ्ठी लागलीच न्हाई.” मग ती म्हणाली, “पण त्याला कुणी वळखतच न्हाई ओ त्याच्यात. जुन्यात गावंच्या गावं वळखायची.”

सरांनी अंक उलटून मुखपृष्ठ पाहिलं. “वळखतील,” ते म्हणाले. “आत्ता तर सुरू झालंय.”

पुढच्या आठवड्यात पोस्टमन आणखी एक अंक क्रमांक एक घेऊन आला. मी म्हटलं, “सर, चुकून दुसरा आला वाटतं.” “न्हाई,” ते म्हणाले, “मागवलाय.” त्यानंतरचे अंक त्यांनी घेतले नाहीत.

सर गेले त्याला दोन वर्षं झाली. आमचं शेवटचं बोलणं माझ्या मोतीबिंदूपाशी थांबलं होतं. ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याचं आधी, मग डाव्याचं. चांगलं दिसतं. हे जिन्यात कुणी विचारलं नाही.

पूजा आता औशाला दवाखाना चालवते. ती येऊन पेटी उघडायला बसली होती. अठ्ठावन्न ते एकशे ऐंशी, सगळे अंक आणि सगळ्या चिठ्ठ्या ती घेऊन गेली. तिच्या दवाखान्यातल्या बाकावर त्या अंकांची पानं लेकरं उलटतात, आणि चिठ्ठी वाचूनच पुढं जातात असं ती सांगते.

माझ्याकडं नव्या अंक क्रमांक एकची दुसरी प्रत राहिली आहे. पानं कोरी करकरीत आहेत. पहिल्या पानाला टाचणी आहे, आणि चिठ्ठीवर मोठ्या, गोल अक्षरात एकच ओळ:

‘तर गड्या, आतापर्यंत काहीच झालेलं नाही.’